एका रुळावरचे टोकन : नागभीड जंक्शन आणि रेल्वे सुरक्षेचा अपुरा हिशेब

१/
१५ नोव्हेंबर २०१८. चंद्रपूरजवळच्या जुनोना–चिचपल्ली जंगलात, चांदा फोर्ट–गोंदिया लोहमार्गावर, गाडीखाली सापडून वाघाचे तीन बछडे मेले. गाडी घसरली नाही, दोन गाड्यांची टक्कर झाली नाही, कोणा प्रवाशाला इजा झाली नाही. रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी चौकशी करावी असा अपघात कायद्याच्या व्याख्येनुसार त्या दिवशी तेथे घडलाच नव्हता. ही व्याख्या आली कोठून? त्यासाठी दीडशे वर्षे मागे जावे लागते, आणि त्या वाटेवर नागभीड लागते.

२/
नागभीड हे चंद्रपूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. भोवती ब्रह्मपुरी वनविभागाचे जंगल, जवळच घोडाझरीचा तलाव आणि २०१८ मध्ये घोषित झालेले घोडाझरी अभयारण्य. या गावातून तीन दिशांना रूळ जातात. एक वडसा, अर्जुनी मार्गे गोंदियाला. दुसरा सिंदेवाही, मूल मार्गे चांदा फोर्ट व बल्लारशाहला. तिसरा भिवापूर, उमरेड मार्गे नागपूरला. भाताची शेती आणि वाघाचे रान यांच्या मधोमध वसलेले हे जंक्शन आहे.

३/
हे रूळ टाकले बेंगाल नागपूर रेल्वेने. १९०३ पासून गोंदियाच्या उत्तरेस सातपुड्यात तिची अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीची छोटी लाइन धावू लागली होती. त्याच जातीचे रूळ १९०८ च्या सुमारास नागभीडला पोहोचले आणि १९१३ पर्यंत चांदा फोर्टला भिडले. छोटी लाइन निवडण्याचे कारण सरळ होते. डोंगर कमी कापावा लागतो, भराव कमी लागतो, वळणे तीव्र चालतात, पूल हलके चालतात. थोडक्यात, खर्च कमी. जंगलातील लाकूड, बांबू, धान आणि बाजारहाटाची माणसे वाहून नेण्यास तेवढे पुरेसे होते.

४/
अशा मार्गावर रूळ एकच असतो आणि गाड्या दोन्ही बाजूंनी येतात. रस्त्यावर समोरून वाहन आले तर बाजूला घेता येते. रेल्वेचालकाच्या हातात सुकाणूच नसते. शिवाय पोलादी चाक पोलादी रुळावर फारच कमी घर्षणाने फिरते. म्हणूनच थोड्या शक्तीत प्रचंड ओझे ओढता येते, आणि म्हणूनच ते लवकर थांबवता येत नाही. भरधाव जड गाडीला उभे राहण्यास किलोमीटरभर अंतरही लागू शकते. समोरची गाडी दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. मग एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत याची हमी कशी द्यायची?

५/
पहिले उत्तर होते वेळापत्रक, दुसरे तारायंत्र. दोन्ही माणसाच्या सावधपणावर विसंबून. १० सप्टेंबर १८७४ च्या रात्री इंग्लंडमध्ये नॉरविचजवळ थॉर्प येथे एका स्टेशनातून ‘मेल गाडी पाठवा’ अशी तार गेली. अधिकाऱ्याने त्या संदेशावर अजून सही केलेली नव्हती. तोवर त्याने आपल्याकडची गाडी सोडून दिली होती. चूक लक्षात आली तेव्हा दोन्ही गाड्या एकाच रुळावर एकमेकींकडे धावत होत्या, आणि त्यांना थांबविण्याचे कोणतेही साधन उरले नव्हते. सुमारे २५ माणसे मेली.

६/
या दुर्घटनेनंतर एडवर्ड टायर याने १८७८ मध्ये एका यंत्राचे पेटंट घेतले. कल्पना अशी. दोन शेजारच्या स्टेशनांत एकेक यंत्र, दोन्ही विजेच्या तारेने जोडलेली. यंत्रात धातूच्या चकत्या. पलीकडच्या स्टेशनमास्तरने संमती दिल्याशिवाय चकती बाहेर येत नाही, आणि एक चकती बाहेर असेपर्यंत दोन्हींपैकी कोणत्याही यंत्रातून दुसरी निघत नाही. चालकाच्या हाती चकती नसेल तर गाडी पुढच्या टप्प्यात शिरणार नाही. मास्तर झोपेत असो, गोंधळलेला असो की घाईत, यंत्र दुसरी चकती देतच नाही.

७/
भारतात याच तत्त्वावरची ‘नील्स बॉल टोकन’ यंत्रे एकेरी मार्गांवर दीर्घकाळ वापरात राहिली. येथे चकतीऐवजी धातूचा गोळा. तो चामड्याच्या पिशवीत घालून वेताच्या मोठ्या कड्याला बांधायचा आणि इंजिनातल्या माणसाने ते कडे हात घालून उचलायचे. गाडी न थांबता, डुलत डुलत स्टेशन ओलांडते आहे आणि फलाटावर कोणी कडे उंच धरून उभा आहे, हे दृश्य आजोबांच्या पिढीने पाहिलेले आहे. त्या पिशवीत पुढच्या स्टेशनापर्यंतच्या रुळाचा एकमेव परवाना असे.

८/
येथे सुरक्षेच्या इतिहासातील पहिला मोठा धडा मिळतो. माणूस चुकणारच, हे गृहीत धरावे आणि त्याची चूक निष्फळ ठरेल अशी रचना करावी. १८७६ च्या जानेवारीत इंग्लंडमधील ॲबट्स रिप्टन येथे बर्फ साचून सिग्नलचे हात ‘मार्ग मोकळा’ याच स्थितीत अडकले आणि गाड्या एकमेकींवर आदळल्या. त्यानंतर तत्त्व रूढ झाले की सिग्नलची मूळ स्थिती ‘थांबा’ हीच असावी. तार तुटली तर वजनाच्या भाराने हात आपोआप ‘थांबा’वर गेला पाहिजे. बिघाड झालाच तर तो सुरक्षित बाजूला व्हावा, असा हा विचार.

९/
ब्रेकची कथा तशीच. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्माजवळ लहान मुलांच्या सहलीची गाडी चढ चढू शकली नाही. गाडीचे दोन भाग करण्यात आले. मागचे डबे सुटले, उतारावरून उलट धावले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ८० जण मेले, त्यांत अनेक मुले. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून प्रवासी गाड्यांना अखंड, स्वयंचलित ब्रेक सक्तीचे केले. अखंड म्हणजे गाडीभर एकच नळी. डबे तुटले की नळी तुटते, आणि नळी तुटली की प्रत्येक डब्याचा ब्रेक आपोआप लागतो. तंत्र आधीच उपलब्ध होते. खर्चाचे कारण सांगून कंपन्या ते टाळत होत्या.

१०/
आता दुसरा धडा. अपघाताचा तपास कोणी करावा? रेल्वे चालविणाऱ्यानेच रेल्वेची चूक शोधायची म्हणजे आरोपीनेच निवाडा लिहायचा. १७ जुलै १९३७ रोजी बिहारमध्ये पाटण्याजवळ बिहटा येथे गाडी घसरून शंभराहून अधिक माणसे मेली. एक्स-बी जातीची पॅसिफिक इंजिने रुळांवर डगमगतात, असा संशय होता. पॅसिफिक लोकोमोटिव्ह समिती नेमण्यात आली. ब्रिटनचे मुख्य रेल्वे निरीक्षक कर्नल माउंट तिचे प्रमुख. निरीक्षक हे रेल्वे मंडळाच्या अधिकाराबाहेर असावेत, असे या समितीने सुचविले.

११/
त्यानुसार मे १९४१ मध्ये रेल्वे निरीक्षणाचे काम रेल्वे मंडळापासून वेगळे करून टपाल व हवाई खात्याकडे देण्यात आले. १९६१ मध्ये त्याचे नाव ‘रेल्वे सुरक्षा आयोग’ झाले. आजही रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत. रेल्वेचा तपासनीस विमान खात्यात का, याचे कोडे अनेकांना पडते. त्याचे उत्तर बिहट्याच्या रुळांवर आहे. नवा किंवा रुंद केलेला मार्ग प्रवाशांसाठी खुला करण्यापूर्वीही याच आयुक्तांची तपासणी लागते.

१२/
म्हणजे चुकीला निष्फळ करणारी यंत्रे आली आणि स्वतंत्र तपासनीसही आला. मग त्या तीन बछड्यांचे काय? रेल्वे कायदा, १९८९ उघडू. कलम ११३ कोणत्या अपघातांची सूचना द्यायची ते सांगते : मनुष्यहानी, गंभीर दुखापत, टक्कर, गाडी घसरणे इत्यादी. कलम ११४ नुसार आयुक्तांची चौकशी होते ती प्रवासी गाडीच्या अपघातात मनुष्यहानी, प्रवाशास गंभीर दुखापत किंवा रेल्वेच्या मालमत्तेचे मोठे नुकसान झाल्यास. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाला सर्वोच्च संरक्षण आहे, पण रेल्वेच्या सुरक्षेच्या व्याख्येत तो कोठेच येत नाही.

१३/
केवळ वाघच बाहेर राहिला, असे मात्र नाही. २०१२ च्या फेब्रुवारीत डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय समितीने रेल्वे सुरक्षेवर अहवाल दिला. त्यातील एक आकडा सर्वांना हादरवून गेला. रूळ ओलांडताना वा रुळांवर येऊन दरवर्षी सुमारे १५,००० माणसे मरतात, त्यांपैकी सुमारे ६,००० एकट्या मुंबई उपनगरी मार्गावर. रेल्वेच्या भाषेत ही माणसे ‘अतिक्रमक’. कलम १४७ प्रमाणे त्यांचा रुळावरील वावर हाच गुन्हा. त्यामुळे त्यांचे मरण रेल्वे अपघातांच्या वार्षिक हिशेबात धरले जात नसे. पादचारी पूल नसलेल्या वस्तीतला माणूस रुळावर का येतो, हा प्रश्नही मग त्या हिशेबाबाहेर राहतो.

१४/
८ मे २०२० ची पहाट आठवा. टाळेबंदीच्या काळात जालन्याहून रुळांच्या कडेने पायी घराकडे निघालेले मध्य प्रदेशचे मजूर औरंगाबादजवळ करमाड परिसरात थकून रुळांवरच झोपले. गाड्या बंद आहेत अशी त्यांची समजूत होती. मालगाड्या चालू होत्या. १६ जण मेले. त्या मालगाडीच्या मार्गावर सिग्नल बरोबर होते आणि ब्रेकही शाबूत होते. दीडशे वर्षांत घडवलेली सुरक्षेची सगळी साखळी व्यवस्थित काम करीत होती. मात्र ती साखळी गाडीला गाडीपासून वाचविण्यासाठी घडवलेली होती. रुळांवर आणखी कोणी असू शकते, याचा विचार तिच्यात नव्हता.

१५/
हीच नजर घेऊन नागभीडकडे परत येऊ. १९९० च्या दशकात गोंदिया–नागभीड–चांदा फोर्ट मार्ग टप्प्याटप्प्याने रुंद झाला. ७६२ मिलिमीटरच्या जागी १,६७६ मिलिमीटर. उत्तरेतून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांना नवी वाट मिळाली. नागभीड–नागपूर ही शंभरहून थोडी अधिक किलोमीटरची शाखा मात्र पुढेही वीस वर्षे छोटीच राहिली. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिच्यावरील गाडी बंद करून रुंदीकरणाचे काम हाती घेण्यात आले. ज्यांना ती इंजिने पाहावयाची असतील त्यांनी नागपूरच्या मोतीबागेतील नॅरोगेज संग्रहालय गाठावे. ते १४ डिसेंबर २००२ पासून खुले आहे.

१६/
रुंदीकरणाने प्रवासी निःसंशय अधिक सुरक्षित झाला. गाडी रुंद पायावर स्थिर धावते, सिग्नल सुधारतात, फाटकांची देखरेख वाढते. ३१ जानेवारी २०१९ पर्यंत देशातील सर्व ब्रॉडगेज मार्गांवरील बिनपहाऱ्याची फाटके संपविण्यात आली. ही मोठी कामगिरी आहे. एकेकाळी शाळेच्या बसगाड्या अशा फाटकांवर चिरडल्या जात. येथेही उपाय तोच होता. ‘थांबा, पाहा, मग जा’ हे फलक दशकानुदशके उभे होते. माणसे वाचली ती फाटकाच्या जागी भुयारी मार्ग, पूल किंवा पहारेकरी आल्यावर.

१७/
पण याच बदलाची दुसरी बाजू जंगलात दिसते. वेग दुप्पट झाला की गाडीतील गतिज ऊर्जा चौपट होते, आणि थांबण्याचे अंतरही त्याच प्रमाणात वाढते. छोट्या लाइनीची गाडी रमतगमत जाई. तिला पाहून बाजूला होण्यास जनावराला अवसर मिळे. आता गाड्या वेगवान, लांब आणि रात्रीही धावणाऱ्या. गाडीतल्या प्रवाशाचा धोका जसजसा कमी झाला, तसतसा रुळाकाठच्या जिवांचा वाढला. या फरकाची नोंद ठेवणारे सदर रेल्वेच्या वहीत नव्हते. वाघीण रात्री पिल्लांसह रूळ ओलांडते तेव्हा टोकन, सिग्नल, ब्रेक यांपैकी एकही साधन तिच्या बाजूने काम करीत नाही.

१८/
‘चालकांनी जंगलात सावध राहावे’ हा यावर सहज सुचणारा उपाय. वेगमर्यादेचा निश्चितच उपयोग होतो. परंतु थॉर्पने शिकविले ते विसरून चालणार नाही. निव्वळ सावधपणावर उभी असलेली सुरक्षा एखाद्या रात्री कोसळतेच. दिव्याच्या झोतात वाघ दिसेपर्यंत ब्रेकचे अंतर संपलेले असते, आणि त्याचा दोष चालकाला देणे अन्याय्य आहे. स्वयंचलित संरक्षण देणारी ‘कवच’ यंत्रणाही एका गाडीला दुसऱ्या गाडीपासून आणि लाल सिग्नल ओलांडण्यापासून वाचविते. रुळावर उभा असलेला वाघ किंवा माणूस तिला दिसत नाही.

१९/
मग जंगलाचे ‘टोकन’ कोणते? त्याचे उत्तर विदर्भातच आहे, फक्त रेल्वेवर नाही, रस्त्यावर. नागपूर–जबलपूर राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या जंगलातून चौपदरी करताना मोठा वाद झाला, न्यायालयीन लढे झाले, भारतीय वन्यजीव संस्थेने अभ्यास केला. अखेरीस महाराष्ट्रातील पट्ट्यात वन्यप्राण्यांसाठी खालून जाण्याच्या नऊ वाटा बांधण्यात आल्या. नंतर त्यांच्यात कॅमेरे लावले, तेव्हा चितळ, रानकुत्रे आणि वाघसुद्धा त्या वाटांनी जाताना टिपले गेले. वर वाहने, खाली वाघ, आणि दोघांची गाठच पडू नये अशी रचना. टायरने दोन गाड्यांसाठी केले, तेच येथे अभियंत्यांनी वाहन आणि वाघ यांच्यासाठी केले.

२०/
नागभीड–नागपूर मार्गाच्या रुंदीकरणावेळी हीच मागणी पुढे आली. हा मार्ग उमरेड–कऱ्हांडला अभयारण्याच्या परिसरातून जातो. ताडोब्याकडून येणाऱ्या वाघांची ही जुनी वहिवाट. येथे रूळ उंचावरून न्यावा किंवा खालून पुरेशा रुंद वाटा ठेवाव्यात, असे वन्यजीवप्रेमींनी लावून धरले. असा पूल महाग असतो, ही हरकत खरी आहे. पण सुरक्षेच्या इतिहासात ही हरकत नवी नाही. अखंड ब्रेक महाग होते, फाटकाखालचे भुयारी मार्गही महाग होते. प्रश्न दरवेळी एवढाच असतो की कोणाचा जीव खर्चाच्या हिशेबात धरायचा.

२१/
हा प्रश्न आता टाळता येणार नाही, कारण चित्र झपाट्याने बदलत आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडकडून रानहत्तींचा कळप गडचिरोलीच्या जंगलात उतरला. गडचिरोली जिल्ह्याचे दीर्घकाळ एकमेव राहिलेले रेल्वेस्थानक म्हणजे वडसा. तेथून गडचिरोलीपर्यंत सुमारे ५२ किलोमीटरचा नवा मार्ग बांधला जात आहे. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २४० किलोमीटरच्या गोंदिया–बल्लारशाह मार्गाच्या दुहेरीकरणास मंजुरी दिली. एकेरी रुळाचा जुना धोका, म्हणजे समोरासमोरची टक्कर, त्यामुळे बव्हंशी संपेल. मात्र वाघाला आणि हत्तीला ओलांडायचे रूळ दुप्पट होतील, गाड्या वाढतील.

२२/
रूळ अजून पडायचे आहेत, हीच जमेची बाजू. भराव बांधून झाल्यावर त्याच्या पोटात वाट कोरणे कठीण आणि महाग पडते. नकाशावर ती आखणे त्या मानाने सोपे असते. रेल्वेच्या सुरक्षेतील बहुतेक नियम कोणाच्या तरी मरणानंतर लिहिले गेले : थॉर्पचे प्रवासी, आर्माची मुले, बिहट्याची माणसे. जुनोन्याच्या तीन बछड्यांनंतर आणि करमाडच्या सोळा मजुरांनंतर काय लिहिले जाते, ते आपल्या डोळ्यांदेखत ठरणार आहे.

२३/
मित्रहो, पुढे कधी गोंदिया–बल्लारशाह गाडीने प्रवास कराल तेव्हा नागभीड सोडल्यावर खिडकीशी बसा. सिंदेवाही ते मूल या टप्प्यात भरावाखालचे पूल आणि मोऱ्या मोजा. त्यांतून पाणी जाते, कोठे बैलगाडीही जाते. वाघ जाईल अशा किती आहेत, ते स्वतः पाहा. धागा येथे संपतो.